अपेक्स म्हणजे शिखर? (शर्यतीतल्या वळणांचे शब्द)

पैलतीर
फॉर्म्युला वनवरच्या एका लेखाचं भाषांतर तपासतेय. त्यात "ड्रायव्हर वळणाच्या शिखरावर पोचतो" असं वाक्य आहे, शब्दकोशात अपेक्स = शिखर आहे हे मान्य पण सपाट ट्रॅकवर शिखर आणायचं कुठून? पुढे लेट अपेक्सला "उशिरा येणारं शिखर" केलंय. काय लिहू?

डबलक्लच
शिखर उडवा आधी. अपेक्स म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेच्या सगळ्यात जवळ येते ती जागा, बस. ड्रायव्हर वळणाआधी बाहेरच्या कडेला असतो, तिथून आत येतो, आतल्या कर्बला (कडेची रंगीत, उंचवट्याची पट्टी) जवळजवळ घासून परत बाहेरच्या कडेला जातो, म्हणजे रस्त्याच्या वळणापेक्षा गाडीचं वळण मोठ्या त्रिज्येचं होतं. त्रिज्या दुप्पट झाली तर त्याच पकडीत वेग साधारण 1.4 पट ठेवता येतो (डाउनफोर्स, म्हणजे हवा गाडीला खाली दाबते ते, सोडून बोलतोय), म्हणून एवढा खटाटोप.

आणि लेट म्हणजे घड्याळाने उशिरा नाही हो, जागेने पुढे. आधी जास्त हळू व्हायचं, गाडी पटकन वळवून घ्यायची, आतली कड वळणाच्या शेवटाकडे गाठायची आणि मग स्टिअरिंग लवकर सरळ करून गॅस. इटलीतल्या मोंझा ट्रॅकचं शेवटचं वळण बघा, पॅराबोलिका (2021 पासून नाव आल्बोरेतो), ते पुढे पुढे उघडत जातं आणि नंतर लांबलचक सरळ रस्ता. वळणात थोडं गमावलं तरी बाहेर पडताना मिळालेला जादा वेग पूर्ण सरळ रस्ताभर कामाला येतो.

शुद्धमती
मग "स्पर्शबिंदू" का नको? भूमितीत तयार शब्द आहे.

डबलक्लच
अर्थाने चोख बसतो, कारण गाडीची रेष आतल्या कडेला खरंच तिथे स्पर्शून जाते. पण बघणारे सगळे अपेक्सच म्हणतात. इस्तंबूलच्या ट्रॅकचं आठ नंबरचं वळण चार अपेक्सचं म्हणून प्रसिद्ध आहे, त्याला "चतुःस्पर्शी वळण" म्हणणार का तुम्ही? :)

शुद्धमती
म्हणेन की!

चकवा
अपेक्सच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य समजवा आणि सोडा. माझं दुखणं वेगळंय, हेअरपिनला सर्रास "नागमोडी वळण" लिहितात. नागमोडी म्हणजे डावं-उजवं-डावं असं, इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकचं मॅगट्स-बेकेट्स नागमोडी आहे. हेअरपिनमध्ये गाडी आल्या दिशेलाच तोंड करते. मोनॅकोचं हेअरपिन इतकं आवळ आहे की नेहमीचं स्टिअरिंग पुरत नाही, पुढची चाकं जास्त वळावीत म्हणून टीम्स तिथे खास बदल करतात.

अजून एक, "वळण कापणे". आपण रस्त्यावर सहज म्हणतो, पण इथे तो गुन्हा आहे. पांढरी रेष ट्रॅकमध्ये धरतात, कर्ब धरत नाहीत, आणि गाडीचा कुठलाच भाग ट्रॅकवर टेकलेला नसेल तर ती बाहेर गेली असं मानतात, मग लॅपची वेळ रद्द होऊ शकते. म्हणजे आतली दोन चाकं कर्बवर गेली तर "कर्ब घेतला", चारही गेली तर "वळण कापलं".

पैलतीर
अरे बापरे, हे दोन्ही लेखात उलटसुलट आहेत. अंडरस्टिअरला "ड्रायव्हरने स्टिअरिंग कमी वळवणे" लिहिलंय, ते तरी बरोबर आहे का?

डबलक्लच
कर्ताच चुकला. ड्रायव्हर बिचारा भरपूर वळवतोय, गाडी ऐकत नाहीये. पुढचे टायर घसरतात आणि नाक बाहेर जात राहतं. ओव्हरस्टिअरमध्ये मागचे टायर सुटतात, गाडी मागून फिरायला लागते आणि ड्रायव्हर स्टिअरिंग उलटं मारतो. "नाक बाहेर जातं" आणि "मागून सुटते", माझ्या मते यापेक्षा जड शब्द लागतच नाहीत.

पैलतीर
आणि ट्रेल ब्रेकिंग? "मागोवा ब्रेक" आहे इथे. हसू नका.

डबलक्लच
हसलो. टायरची पकड ठरलेली असते, ती सगळी ब्रेकने खाल्ली तर वळायला काही उरत नाही. म्हणून सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक, आणि स्टिअरिंग जसं वळत जाईल तसा पाय हलका हलका करत न्यायचा. ब्रेक एकदम सोडला तर पुढच्या टायरवरचा भार जातो आणि परत तेच, नाक बाहेर. मराठीत सरळ लिहा, "ब्रेक सोडत सोडत आत शिरतो".

शुद्धमती
हे मात्र झकास. इथे मी संस्कृत आणणार नाही.

पैलतीर
हे चालेल का बघा: "बाहेरच्या कडेने येऊन तो ब्रेक सोडत सोडत आत शिरतो, अपेक्सला आतला कर्ब घेतो आणि गॅस देत परत बाहेरच्या कडेला जातो."

चकवा
पळेल. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकबद्दल काही असेल तर तेही तपासा, ओ रूज म्हणजे फक्त खालचं डावं वळण, चढावरचं उजवं-डावं ते रेदियों. कॉमेंट्रीवालेसुद्धा सगळ्याला ओ रूज म्हणतात.

पैलतीर
आहे ना, "ओ रूजचा चढ". बदलते.