ट्रायल अँटिव्हायरस बिनधास्त काढा
नव्या लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस काढला तर मशीन उघडं पडेल, ही तुमची भीती रास्त आहे, पण तसं होत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, असतोच; दुसरा अँटिव्हायरस काढून रीस्टार्ट केलं की तो आपोआप ताबा घेतो. टचपॅड, ऑडिओच्या नावाचं मात्र काही उडवू नका, त्यात ते भाग चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, असू शकतात.

आणि कंपनीने आधीच भरून दिलेलं असं सॉफ्टवेअर काढायचा प्रश्न नुसत्या डिस्कवरच्या जागेचा नाही हो! लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच टाकलेलं सुपरफिश हे जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर आठवा. स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणत्या साइट खऱ्या मानायच्या हे ब्राउझर ज्यावरून ठरवतो ते) बसवून सुपरफिश कुलूपवाल्या सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवायचं. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला, तेव्हा कळलं की नुसतं अनइन्स्टॉल करून सर्टिफिकेट जात नव्हतं. ते वेगळं शोधून काढावं लागायचं.