मदत हवी आहे: फिल्टर + हेडर + एक्झॉस्ट मिळून नक्की किती एचपी (इंजिनाची ताकद) वाढेल? (अर्जंट)

बीडचा_बाब्या
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. गॅरेजवाल्यानं दिलेले आकडे असे:
कोल्ड एअर इनटेक (गार हवा आत घेणारा फिल्टर-पाइप) १०, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइपांचा जुडगा) १२, फुल एक्झॉस्ट ८, इरिडियम प्लग ३. बेरीज ३३.
म्हणजे गाडीचे मूळ ८३ + ३३ = ११६ एचपी. हे बरोबर आहे का, की थोडे टक्के कमी धरायचे? शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स मागायलाय, म्हणून लवकर सांगा. "करू नको" म्हणणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

लातूर_लोकल
गाडी कोणती?

जालन्याचा_जावई
पेट्रोल का डिझेल? टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) आहे का? मॉडेल कुठल्या सालचं? ८३ हा आकडा कुठून आणला? बजेट किती?

डिझेल_दादा
हे सगळं सोडा, रिमॅप करा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदला. माझी १.३ डिझेल कंपनीतून ७५ पीएस (एचपीसारखंच माप) होती, रिमॅपनंतर नव्वदच्या पुढं गेली. घाटात पाचव्या गियरवर ओढती. बोनेट उघडायचीसुद्धा गरज नाही, ओबीडी सॉकेटमधून तासाभरात काम होतं.

बीडचा_बाब्या
दादा, पेट्रोल हाय. स्विफ्ट व्हीएक्सआय, १.२, २०१५ची. टर्बो नाही. ८३ कंपनीनंच दिलंय. आता उत्तर द्या.

डिझेल_दादा
मग आधी डिझेल घ्या.

मिस्त्री_काका_परभणी
बाळा, प्लगचे ३ एचपी म्हणणाऱ्याकडं गाडी टाकू नको, एवढंच सांगतो. इरिडियम प्लग जास्त दिवस टिकतो, म्हणून महाग. जुना प्लग झिजून मिसफायर होत असंल तर नवा कुठलाही टाक, गाडी सुधारंल. पण ते गेलेलं परत आलं, वाढलं काहीच नाही.
फिल्टरचंही तसंच. जाळीचा कोन लावला की आवाज येतो, आवाज आला की पाय दबतो, आन् पाय दबला की माणूस म्हणतो गाडी पळायली.

पाटोदा_एक्सप्रेस
काका, तुमचा अनुभव मोठा हाय, पण सगळंच खोटं नसतंय. मी माझ्या गाडीला कोन फिल्टर लावला, फरक लगेच जाणवला. चार हजारच्या वर तर वेगळीच गाडी वाटती.

वाळूजचा_टेस्टर
पाटोदा भाऊ, कोन कुठं बसवलाय? बोनेटच्या आत, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धुराच्या तापलेल्या पाइपाच्या) शेजारी? मूळ एअरबॉक्सची नळी ग्रिलच्या मागून बाहेरची हवा घेते. उघडा कोन इंजिनजवळची तापलेली हवा ओढतो. बाहेर ४० अंश आणि आत ६० अंश धरा, तेवढ्यानं हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते. हवा कमी तर ताकदही कमी. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२ असतं, ट्रॅफिकमध्ये आतली भट्टी वेगळी. पुण्यात गारठ्यात ज्याला २ एचपी मिळाले, त्याचे इथं उलटे जाऊ शकतात.

आता मूळ प्रश्नाकडं. बाब्या भाऊ, गॅरेजवाल्याची बेरीज राहू द्या, हवेचा हिशेब करू.
१.२ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. ६००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) सिलिंडर सेकंदाला साधारण ६० लिटर हवा ओढू शकतात. प्रत्यक्षात फिल्टर, थ्रॉटल, व्हॉल्व्ह यांचा अडथळा धरून ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे ५१ लिटर. तेवढ्यावर ८३ मिळतात. ११६ पाहिजेत म्हणजे ४० टक्के जास्त हवा, जवळपास ७१ लिटर. सिलिंडरांत जागाच ६० ची. रेसच्या इंजिनांत कॅम, पाइपांची लांबी, सगळं जुळवून शंभर टक्क्यांच्या थोडं वर जातात. बाहेरून फिल्टर आणि पाइप बदलून ११९ टक्के भरणार नाही. ते टर्बोचं काम आहे, नाहीतर आरपीएम आणखी वर न्यायचा आणि त्यासाठी कॅम-स्प्रिंग सगळं उघडायचं.

बीडचा_बाब्या
म्हणजे शून्य? एवढे लोक हजारो रुपये घालून येडे झाले का?

वाळूजचा_टेस्टर
शून्य म्हटलं नाही. बिनटर्बोच्या छोट्या पेट्रोलला फिल्टरचे ० ते २, चांगल्या हेडरचे ३-४, मागच्या एक्झॉस्टचे १-२. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून केला तर सगळं धरून आठ-दहा टक्के. ८३ चे ९० झाले तर नशीबवान समजा. आणि हे सुटे आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात. दार रुंद केलं तरी आतला बोळ तेवढाच असंल तर गर्दी बोळातच अडकणार. हेडर मोकळा केला आणि पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धूर साफ करणारा डबा) तसाच, तर फायदा तिथं थांबतो.

नांदेडी_राजा
मग कॅट काढून टाका! माझ्या ओळखीच्यांनी काढला, बुलेटसारखा आवाज येतो.

कायदा_फायदा
कॅट काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. कलम १८२अ (४) मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. धूर-आवाजासाठी कलम १९० (२) वेगळंच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. शिवाय विमा कंपनीला न सांगता बदल केला आणि अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी तेच पहिलं कारण सापडतं.

नांदेडी_राजा
आला वकील. रस्त्यावर निम्म्या गाड्या मॉडिफाय हायेत, कुणाला धरलं?

कायदा_फायदा
धरल्यावर धागा काढा, तेव्हाही उत्तर देईन.

जालन्याचा_जावई
माझं एक विचारायचं राहूनच गेलं. बाब्या भाऊ, एचपी कशासाठी पाहिजे? शर्यत लावायचीय का कुणाशी?

बीडचा_बाब्या
शर्यत कसली. आठवड्याला बीड-धाराशिव करतो. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकमागं अडकलो की गाडी उचलायलीच नाही. गॅस दाबतो, नुस्ती घरघर. मागून डिझेलवाले भुर्रकन जायलेत. लई डोकं फिरतंय.

लातूर_लोकल
"गॅस दाबतो" म्हणजे ॲक्सिलरेटर, का खरंच गॅस?

बीडचा_बाब्या
दोन्ही. सीएनजी किट हाय गाडीला, बाहेरून बसवलेलं. ते काय सांगायचं, आता सगळ्यांच्याच गाडीला असतंय.

मिस्त्री_काका_परभणी
आरं माझ्या कर्मा!

वाळूजचा_टेस्टर
भाऊ, हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं. सीएनजी वायुरूपातच आत जातो, त्यामुळं सिलिंडरमध्ये हवेची जागा तोच अडवतो. कंपनीतून आलेल्या सीएनजी गाड्यांचेच आकडे बघा: २०२२ची स्विफ्ट पेट्रोलवर ९० पीएस, सीएनजीवर ७७.५. टॉर्क (ओढण्याचा जोर) ११३ वरून ९८.५ न्यूटन मीटर. ते सुद्धा कारखान्यात जुळवलेलं. बाहेरच्या किटचं मॅपिंग (गॅस किती सोडायचा याचं सेटिंग) सुमार असलं तर घट आणखी. वर टाकीचं पन्नास-साठ किलो वजन घाटात ओढायचं. तुम्ही ज्या १०-१२ एचपीच्या मागं आहात, ते तुमच्या डॅशबोर्डवरच्या गॅस-पेट्रोल बटणापाशी पडलेत.

बीडचा_बाब्या
पेट्रोल परवडत नाही म्हणून तर किट बसवलं ना राव.

पाटोदा_एक्सप्रेस
पेट्रोलवर तरी काय? त्यात आता २० टक्के इथेनॉल. ॲव्हरेज पडलं, पिकअप पडला.

लातूर_लोकल
पिकअप इथेनॉलनं पडत नाही, ऑक्टेन उलट वाढतो. ॲव्हरेज पडतं, कारण लिटरमागं इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी असते. आणि जरा जपून बोला, आमच्याकडच्या कारखान्यांना ऊस घालणाऱ्याचं बिल त्याच इथेनॉलमुळं वेळेवर निघायलंय.

पाटोदा_एक्सप्रेस
वेळेवर? कोणत्या कारखान्याचं? आम्हाला बी सांगा, आमचाही ऊस तिकडंच पाठवतो.

धागापाल
ऊस आणि इथेनॉलसाठी वेगळा धागा आहे. पुढचा प्रतिसाद उडवला जाईल.

मिस्त्री_काका_परभणी
बाब्या, घाटात कोणत्या गियरवर असतोस?

बीडचा_बाब्या
तिसऱ्या. दुसरा टाकला की इंजिन ओरडतंय, ॲव्हरेज जातं. काका, मला ड्रायव्हिंग शिकायचं नाही. एचपी विचारलाय.

वाळूजचा_टेस्टर
एचपीचंच सांगतो. एचपी = टॉर्क (न्यूटन मीटर) × आरपीएम ÷ ७१२१. तुमच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ११५, तो ४००० आरपीएमला. तिथं ११५ × ४००० ÷ ७१२१ = सुमारे ६५ एचपी. तिसऱ्यावर २००० ला रेंगाळताय तेव्हा टॉर्क शंभरेक धरला तरी २८ एचपी. ट्रक ओलांडताना दुसरा टाकून इंजिन चार हजारांकडं नेलं की ताकद दुपटीच्या वर. ६००० पर्यंत इंजिनाला काही होत नाही, त्यासाठीच बनवलंय. ओलांडून झालं की परत तिसरा.

डिझेल_दादा
म्हणून म्हणत होतो, डिझेलला २००० लाच सगळा टॉर्क.

जालन्याचा_जावई
दादा, तुम्ही डिझेल विकायलात का?

डिझेल_दादा
हो, विकायचीच आहे. २०१४ची, सिंगल ओनर. इच्छुकांनी संदेश करा.

बीडचा_बाब्या
सर, गॅरेजवाला म्हणायलाय की त्याच्या एका गिऱ्हाइकाची गाडी पुण्यात डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ७८ निघाली, तीसुद्धा फक्त फिल्टर-हेडरवर. ७८ म्हणजे ८३ पेक्षा कमीच झाले की?

वाळूजचा_टेस्टर
कंपनीचा आकडा फ्लायव्हीलचा (थेट इंजिनापाशी मोजलेला) असतो, बहुतेक डायनो चाकावरचा देतात. गिअरबॉक्स-टायरमध्ये पंधराएक टक्के जातात, म्हणून मूळ गाडी चाकावर ७० च्या आसपास दिसावी. ७८ खरे असतील तर चांगलेच आहेत. पण आधीचा रन कुठंय? त्याच डायनोवर, त्याच दिवशी, आधी आणि नंतर, असे दोन कागद मागा. एकच कागद असंल तर वाढ मोजलेलीच नाही. यंत्र बदललं, तापमानाचं करेक्शन बदललं, टायरमधली हवा बदलली, तरी २-३ एचपी इकडंतिकडं होतात. विकणाऱ्याला तेवढं पुरतं.

बीडचा_बाब्या
मला पुण्याला जायला वेळ नाही. घरी मोजायचा काही जुगाड?

वाळूजचा_टेस्टर
आहे. माणसांसकट गाडीचं वजन करा. मोकळा सपाट रस्ता, सकाळची वेळ, तिसरा गियर, एसी बंद. पाय पूर्ण दाबून ६० ते १०० ला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या जीपीएस ॲपवर घ्या. शेजारी दुसरा माणूस बसवा, मोबाइल त्याच्या हातात. जाताना-येताना दोन्ही दिशांनी घ्या, चढ-वारा कटतो. मग वजन (किलोत) × २४७ ÷ सेकंद = वॅट. ७४६ नं भागलं की एचपी. हवेला आणि टायरला खाल्लेले दहाएक एचपी वेगळे.

कायदा_फायदा
सार्वजनिक रस्त्यावर हे असलं शिकवू नका. समृद्धीवर तर अजिबात नको.

वाळूजचा_टेस्टर
१०० च्या वर जायचं नाहीये. पण रस्त्याची मर्यादा त्याहून कमी असंल तर ४० ते ८० घ्या आणि २४७ च्या जागी १८५ धरा. मान्य.

बीडचा_बाब्या
केलं. जिनिंगच्या काट्यावर वजन केलं, मी, मेव्हणा आणि टाकी धरून ११८० किलो. सीएनजीवर सरासरी ११ सेकंद, पेट्रोलवर ९. मेव्हण्याचा बी.एस्सी. हिशेब म्हणतो ३५ आणि ४३. हे ८३ च्या निम्मेच कसे?

वाळूजचा_टेस्टर
शाब्बास, हिशेब बरोबर आहे. ६० ते १०० मध्ये इंजिन तीन हजारांच्या खालून पाच हजारांच्या आत फिरतं, म्हणून ही सरासरी आहे, शिखर नव्हे. वर हवा-टायरचे दहा मिळवा, आणि हे चाकावरचं. महत्त्वाचं एवढंच की बटणाचा फरक ८ एचपी. आता फिल्टरचे २ एचपी याच पद्धतीनं पकडायचे तर ९ सेकंदांचे साधारण ८.७ व्हायला पाहिजेत. तेवढी चूक मेव्हण्याच्या बोटातच होते. म्हणून "जाणवलं" यावर माझा भरवसा नाही.

पाटोदा_एक्सप्रेस
मला जाणवलं ते जाणवलं.

मिस्त्री_काका_परभणी
बाब्या, सीएनजी आणि पेट्रोलमध्ये दोन सेकंद जरा जास्तच वाटायलेत. किटवाल्याकडं जाऊन मॅपिंग तपास, गॅसचा फिल्टर बदल, प्लगचा गॅप बघ. गॅसला ठिणगी जोरदार लागती, म्हणून गॅप किटवाला सांगंल तेवढाच ठेव. मूळ एअर फिल्टरही काढून बघ, कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ गाडी लावत असशील तर रुईनं भरलेला असंल.

बीडचा_बाब्या
फिल्टर काढला. काका, फोटो टाकत नाही, लाज वाटायली. नवा कंपनीचाच टाकला, किटवाल्याकडं सोमवारी जातो. घाटात दुसरा टाकून पेट्रोलवर ट्रक काढला, निघतोय. पण गॅरेजवाल्याचा परत फोन आला, म्हणतो फक्त हेडर घ्या, डिस्काउंट देतो. फक्त हेडर लावला तर ८३ चे किती?

वाळूजचा_टेस्टर
ट्यूनशिवाय, सीएनजीवर? ८३ च धरा.

नांदेडी_राजा
आवाज मात्र भारी येईल. त्या गॅरेजचा नंबर द्या ना, मला हॉर्न बसवायचाय.