चर्चा: अंगावर जास्त जातं म्हणून बाजारातली अशोकसाल घ्यावी का?

भरडकाढा: अंगावर जास्त जातंय, म्हणजे पाळीत रक्त जास्त जातंय म्हटलं की आठवडी बाजारातला जडीबुटीवाला अशोकाची साल पुढ्यात टाकतो. माझं मत, सुटी साल घेऊच नये. औषधी तो सीतेचा अशोक: संयुक्त पानं, खोडाफांद्यांना लगडलेले केशरी-लाल गुच्छ. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट वाढतो तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातला. भेसळ त्याचीच.

कुडासाल: सुटी नको, मग डबाबंद चूर्ण? त्यात डोळ्यांनी ओळखणार काय? तुकडा निदान हातात धरून पाहता येतो. खरी साल बाहेरून खरखरीत, पुटकुळ्यांची. आतून तांबूस तपकिरी, चवीला तुरट. आसुपालवाची धाग्याधाग्यांनी सोलवटते.

भरडकाढा: तुरटपणावर जाऊ नका हो. बाभूळ, अर्जुन, जांभूळ, सगळ्याच साली तुरट. हिराकस (लोहाचा क्षार) टाकून काढा काळा पडला तरी ते टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य. झाड कुठलं ते कळत नाही.

कुडासाल: हिराकसाचं मान्य. पण दोष सगळा विकणाऱ्याचा नाही, करणारेही चुकतात. क्षीरपाकाला, म्हणजे दुधातल्या काढ्याला, 10 ग्रॅम भरड, 80 मिली दूध, 320 मिली पाणी. मंद आचेवर 80 मिली उरेपर्यंत आटवायचं. लोक पाणी न घालता दुधाला दोन उकळ्या देतात. साल उतरणार कशी? वस्त्रगाळ चूर्ण टाकलं की गाळताना नुसता लगदा.

निदान_आधी: सालीवरून भांडताय, पण रक्त का जातंय? फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ), थायरॉइड, गर्भाशयातला कोंब (पॉलिप), कारणं वेगवेगळी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग दिसला तर आधी कर्करोगाची तपासणी. पाळी चुकलीय, एका बाजूला दुखतंय आणि रक्त जातंय, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत असू शकतो. तिथे थांबायला वेळ नसतो. तासाला पॅड भिजत असेल तरी थेट रुग्णालय. आणि लोहाची गोळी काढ्यासोबत नको, टॅनिन लोह शोषू देत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा.

कुडासाल: हे बाजारवाल्याने विचारावं?

निदान_आधी: विचारत नाही, म्हणून तर त्याच्याकडे सुरुवात नको.

रानवाट: झाडाचं कुणीच बोललं नाही. सीतेचा अशोक जंगलात विरळ झालाय, आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींत आहे. खोडाची साल गोलाकार काढली की पानांचं अन्न मुळांना पोचत नाही, झाड वाळतं. उभी अरुंद पट्टी काढली तरच जखम भरते. स्वस्तात पोतंभर मिळत असेल तर तो आसुपालव तरी असेल, नाहीतर गोल सोललेलं झाड.