मदत हवी आहे : कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना परासरण कसे समजवावे?

नमस्कार. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. कला आणि वाणिज्य शाखांच्या प्रथम वर्षासाठी ठेवलेला जीवशास्त्राचा ऐच्छिक विषय यंदा माझ्याकडे आला असून परासरणापाशी (पातळ पडद्यातून सौम्य द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे एकंदरीत पाणी जाणे) गाडी अडली आहे. लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला, की काही मिनिटांत पेशीतला रंगीत भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आक्रसतो, हे सर्वांनी हौसेने पाहिले. उत्तरपत्रिकेत मात्र "मीठ पाणी ओढून घेते" एवढेच उतरले. पाण्याचे रेणू प्रद्रव्यपटलातून (पेशीभित्तिकेच्या आत पेशीद्रव्याभोवती असलेल्या पातळ पडद्यातून) दोन्ही दिशांनी ये-जा करीतच असतात, फक्त खारट पाण्यात पेशीत येणाऱ्यांपेक्षा बाहेर पडणारे अधिक असतात, हे त्यांच्या गळी उतरत नाही. (कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटणाऱ्या पाण्याचे उदाहरण मीच दिले होते, घोळ बहुधा तिथेच झाला.)

समीकरणे टाळून ही दुहेरी ये-जा दाखवणारा एखादा प्रयोग किंवा खेळ कोणी वर्गात करून पाहिला आहे का? बटाट्याच्या फोडी साध्या व खारट पाण्यात ठेवून वजन करण्याचा प्रयोग मला माहीत आहे, परंतु त्यातही शेवटचा फरकच दिसतो. वर्गात साठ विद्यार्थी आणि सूक्ष्मदर्शक दोनच आहेत, हे कृपया लक्षात घ्यावे.