विषय: कॉलेजच्या डिग्रीतला खासगी संगीत-तास, बाहेरची तालीम धरतात का?

नमस्कार मंडळी,

लेकीला येत्या फॉलपासून, म्हणजे शरद ऋतूच्या सेमिस्टरपासून, इथे अमेरिकेत एका कॉलेजच्या संगीत विभागात प्रवेश मिळाला आहे, मुख्य विषय गायन. लहानपणापासून ती आपल्या गुरूंकडे ख्याल शिकते, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे. कॉलेजच्या पत्रकात लिहिलंय की दर सेमिस्टरला ‘अप्लाइड लेसन’, म्हणजे एकटीचा तास घ्यावाच लागेल, आणि त्याची फी ट्यूशनच्या वर वेगळी. गुरूंकडचा ऑनलाइन तास तर चालूच आहे. तोच या अटीत धरतात का? कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

एडिसन, न्यू जर्सीहून, एक आई

---

ताई,

लेकीचं मनापासून अभिनंदन! मी इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत गायन शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाहेरचा तास सहसा धरत नाहीत. अप्लाइड लेसन हा डिग्रीतला विषयच असतो. त्याला क्रेडिट (डिग्रीसाठी मोजला जाणारा श्रेयांक) असतं, ग्रेड असते, आणि तो विभागाने नेमलेल्या शिक्षकाकडेच घ्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी आठवड्याला अर्धा तास म्हणजे १ क्रेडिट, पूर्ण तास म्हणजे २. बॅचलर ऑफ म्युझिक आणि बीए यांत इथेच मोठा फरक पडतो. पहिल्यात साधारण दोन तृतीयांश अभ्यासक्रम संगीताचाच असतो आणि तासही लांब. बीएला त्याहून कमी संगीत, तास बहुधा अर्धा. तिचा प्रवेश कुठल्या डिग्रीसाठी आहे ते आधी बघा.

सेमिस्टरच्या शेवटी ‘ज्युरी’ असते. विभागातले शिक्षक समोर बसतात आणि मुलांना तयार केलेली गाणी पाठ गावी लागतात. इथलं गायन बहुधा पाश्चात्य पद्धतीचं, त्यामुळे इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा भाषांतली गाणी येतात आणि उच्चारांवरही गुण असतात. पुढे रिसायटल, म्हणजे एकट्याचा जाहीर कार्यक्रम: परफॉर्मन्स हा मुख्य विषय घेतलेल्या मुलांचं तिसऱ्या वर्षी साधारण अर्ध्या तासाचं, चौथ्या वर्षी तासाभराचं. शिवाय कॉयर (समूहगान) आणि बहुतेक ठिकाणी पियानोची परीक्षा.

ख्याल शिकलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा कान पक्का असतो. सरगम करायची सवय असल्यामुळे ऐकलेली ओळ लिहून काढणं त्यांना लवकर जमतं. अडतं ते स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्य स्वरलिपी, बघून लगेच गाण्यात. तेवढं या उन्हाळ्यात सुरू करा, आणि पियानोवर दोन्ही हात बसू द्या. आवाज लावण्याची पद्धत वेगळी आहे, हे गुरूंना आणि कॉलेजच्या शिक्षकांना आधीच मोकळेपणाने सांगा. गुरूंकडची तालीम मात्र मुळीच बंद करू नका. क्रेडिट मिळत नाही म्हणून तिची किंमत कमी होत नाही, आणि अठराव्या वर्षी सुटलेली तालीम पुन्हा धरणं फार अवघड जातं.

---

दोन्ही ताईंना नमस्कार,

आपलं शास्त्रीय संगीतच डिग्रीत हवं असेल तर ठिकाणं मोजकी आहेत. कॅलिफोर्नियात कॅलआर्ट्समध्ये उत्तर हिंदुस्थानी संगीत शिकवलं गेलं आहे, तबल्यासाठी पं. स्वपन चौधुरी तिथे होते. कनेक्टिकटच्या वेस्लियनमध्ये १९६० च्या दशकापासून कर्नाटक संगीताची परंपरा आहे. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचं १९६७ साली सुरू झालेलं कॉलेज सान राफेलला आहे, पण तिथे जायचं ते तालमीसाठी, डिग्रीसाठी नव्हे. यंदा कुठे काय चालू आहे ते विभागालाच विचारा, कारण शिक्षक निवृत्त झाला की विषयच थांबतो.

एखाद्या विभागात ‘दुसरं वाद्य’ किंवा ‘इंडिपेंडंट स्टडी’ (स्वतंत्रपणे केलेला अभ्यास) म्हणून बाहेरच्या गुरूंकडची तालीम मान्य होऊ शकते. सेमिस्टर सुरू होण्याआधी लेखी मंजुरी घ्या.

---

ताई, दादा, फार आभार. प्रवेश बीएसाठी आहे, पत्रात पुन्हा पाहिलं. उद्या विभागाला लिहिते: शिक्षक कोण, तास अर्धा की पूर्ण, तासाची फी म्युझिक स्कॉलरशिपमधून जाते का, आणि इंडिपेंडंट स्टडीत ख्याल घेता येतो का. उत्तर आलं की इथे कळवते. स्टाफ नोटेशन शिकवणारं न्यू जर्सीत कुणी ओळखीचं असेल तर मला वेगळं मेल करा.