सोर्स दिल्यानं मत बदलतं का? सीमाभागातले अनुभव

धागा सुरू करताना

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात १ नोव्हेंबर (कर्नाटकचा राज्योत्सव, मराठी भाषकांचा काळा दिन) असो, निवडणूक असो की दुकानांच्या पाट्यांवरचं ६० टक्के कन्नड. वाद पेटला की तिसऱ्या मेसेजला 'सोर्स दे' येतंच. सोर्स दिल्यावर पुढं काय होतं? नुसतं 'पटवून दिलं' लिहू नका. कुठला कागद, कुठलं पान, कुठं फसलं, तेवढं लिहा.

खानापूर, जनगणनेचे तक्ते बघणारे

मातृभाषेचे आकडे सी-१६ तक्त्यात असतात. २०११ च्या जनगणनेचा हा तक्ता २०१८ मध्ये बाहेर आला. जिल्हा-तालुक्याचं मिळतं, गावनिहाय मिळत नाही. त्यामुळं 'आमच्या गावात ९० टक्के मराठी, जनगणना बघा' म्हणणारा तिथंच सापडतो, आणि मग त्याचं पुढचं खरं बोलणंही कुणी ऐकत नाही.

खरी भांडणं हद्दीवरून होतात. एक जण बेळगाव शहराचे टक्के देतो, दुसरा बेळगाव जिल्ह्याचे. जिल्हा म्हणजे अथणी, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग सगळं धरून ४७,७९,६६१ माणसं. दोघांचे आकडे बरोबर, आणि दोघं एकमेकांना खोटारडे म्हणतात. म्हणून आकडा टाकायच्या आधी एकच प्रश्न विचारा: शहर, तालुका की जिल्हा? समोरच्यानं उत्तर दिलं की निम्मा वाद तिथंच मिटतो.

आणखी एक सापळा. १९५१ आणि १९६१ चे जिल्ह्याचे टक्के शेजारी ठेवून 'बघा, मराठी किती घटली' म्हणतात. मधल्या काळात, १९५६ ला, चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून महाराष्ट्राच्या बाजूला गेलं. घट दिसते त्यातला काही वाटा माणसांचा नाही, नकाशाचा आहे. हे आपणच आधी सांगितलं तर आपला बाकीचा आकडा टिकतो. समोरच्यानं काढलं तर सगळंच गेलं.

निपाणी, दाव्यांचे कागद वाचणारे

सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालाचं (१९६७) पान टाकणारा बहुधा अर्धाच कागद टाकतो. मराठी बाजू २६४ गावांची ओळ दाखवते: निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला. कन्नड बाजू बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवायची शिफारस दाखवते, शिवाय अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची २४७ गावं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, कर्नाटक तोच शेवटचा शब्द मानतं. आता २६४ च्या आकड्यावर उभं राहिलात की बेळगावबद्दलची शिफारसही गळ्यात पडते, आणि समोरचा ती पहिल्याच उत्तरात घालतो. वापरायचाच असला तर 'आयोगानंसुद्धा एवढं कबूल केलं' इतक्यापुरता वापरा, त्याच्या पुढं एक पाऊल टाकू नका.

दुसरं, महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात घातलेला २००४ चा मूळ दावा, क्रमांक ४. वादपत्रातला परिच्छेद 'कोर्टानं म्हटलंय' म्हणून फिरतो. वादपत्र म्हणजे एका पक्षाचं म्हणणं. आदेश वेगळा, निकाल वेगळा. वरचं शीर्षक कापून टाकलेलं असतं म्हणून फरक कळत नाही. पहिलं पान मागा, बहुतेक वेळा येत नाही.

भालकी

इकडं बीदर जिल्ह्यात मुंबई इलाख्याचं गॅझेटियर (ब्रिटिशांच्या काळातला जिल्हावार माहितीचा ग्रंथ) टाकून उपयोग नाही. बीदर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. बेळगावचा १८८४ चा खंड बेळगावपुरताच.

बेळगाव, माध्यम अभ्यासक्रम शिकवणारे

'पुरावा दिला की माणूस उलट जास्त हट्टी होतो' हे वाक्य २०१० च्या नायहन-राइफ्लर या संशोधकांच्या अमेरिकेतल्या प्रयोगांवरून पसरलं. पुढं वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांवर लोकांना ५२ मुद्द्यांवर दुरुस्त्या दाखवून पाहिल्या (प्रसिद्धी २०१९); तसा उलटा परिणाम त्यांना सापडला नाही. लोक आकडा दुरुस्त करून घेतात. पण याच चौघांनी मिळून २०१६ च्या ट्रम्प यांच्या प्रचारातल्या दाव्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की दावा चूक आहे हे समर्थकांना पटलं, तरी उमेदवाराबद्दलचं मत हललं नाही. सीमाप्रश्नावर अगदी हेच होतं. 'बरं, आकडा चुकला असेल' इथपर्यंत माणूस येतो. 'मग माझी बाजू चुकली' इथपर्यंत येत नाही, आणि ती अपेक्षा ठेवली की आपणच चिडतो.

नुसतं 'खोटं आहे' म्हणून थांबू नये, याचंही कारण आहे. जॉन्सन आणि सायफर्ट यांच्या १९९४ च्या प्रयोगात गोदामाच्या आगीची हकिकत वाचायला दिली होती. कपाटात रंगाचे डबे होते ही माहिती नंतर मागं घेतली, तरी वाचणारे तेच कारण धरून बसले. आगीचं दुसरं कारण दिलं तेव्हा ते सुटलं. म्हणजे 'एसटीला काळं फासलं' असा व्हिडिओ आला तर 'फेक' एवढंच लिहून भागत नाही. तो कुठल्या गावचा, कुठल्या वर्षीचा, तेही द्यावं लागतं.

हल्याळ, कन्नड-मराठी भाषांतर करणारे

कन्नड राजपत्राचा फोटो मराठी ग्रुपवर टाकला की कुणी वाचत नाही. सगळे टाकणाऱ्याच्या सांगण्यावर विसंबतात. मूळ ओळ, खाली शब्दशः मराठी, त्याखाली आदेश क्रमांक आणि तारीख. कन्नड अंक देवनागरीत उतरवताना दोनदा तपासा, तारीख चुकते ती तिथंच. भाषांतरात 'सक्ती' असा आपला शब्द घुसवू नका, मूळ शब्द 'अनिवार्य' असेल तर तोच ठेवा. कन्नड वाचणारा एक जण ग्रुपवर असतोच की, तो तेवढ्याच शब्दावर धरतो.

बेळगाव, ग्रुप सांभाळणारे

पान फोटो म्हणून पाठवलं तर व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून पाठवतं, तक्त्यातला इंग्रजी 3 आणि 8 एकसारखे दिसायला लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कापताना पान क्रमांक, रकान्यांची नावं आणि वरच्या-खालच्या दोन-दोन ओळी ठेवा. चाळीस पानांची पीडीएफ टाकून 'वाच' म्हटलं तर कुणी उघडत नाही. एका मेसेजला एक दावा, एक पान.

इंग्रजी चर्चा-संकेतस्थळावरच्या २०१६ च्या एका अभ्यासात उत्तर-प्रत्युत्तराच्या पाचेक फेऱ्यांनंतर मत बदलायची शक्यता जवळजवळ संपलेली दिसली होती. इथं तिसऱ्या फेरीलाच भांडण आजोबांपर्यंत जातं. दोन उत्तरं झाली की 'पान ११२ वाचून सांगा' म्हणून गप्प बसायचं. न बोलता वाचणारे दीडशे जण असतात. त्यातलं कुणीतरी रात्री तेच पान वैयक्तिक मेसेजवर मागतं.