मदत हवी आहे: लायसोझाइमचा ठसा घेतलेला आणि ठसा नसलेला पॉलिमर जवळजवळ सारखेच वागतात

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्रथिनांच्या विलगीकरणासाठी रेणूचा ठसा घेतलेला पॉलिमर, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत एमआयपी, तयार करण्याचा प्रयत्न दोन विद्यार्थिनी आणि मी वर्षभर करीत आहोत. हव्या त्या रेणूभोवती पॉलिमर घडवायचा आणि मग रेणू धुऊन काढायचा, म्हणजे मागे उरलेल्या पोकळीत तोच रेणू पुन्हा बसावा, अशी ही कल्पना आहे. काम अडले आहे, म्हणून हा धागा काढला आहे.

आमचे अंतिम लक्ष्य माशांतील पार्व्हाल्ब्युमिन हे आहे. माशांची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांना याच प्रथिनाचा त्रास होतो आणि ते शिजवूनही टिकते. मिरकरवाडा बंदर जवळ असल्यामुळे ताज्या मासळीची आम्हाला वाण नाही. शुद्धीकरणासाठी प्रतिपिंडांचा (हवे ते प्रथिन नेमके पकडणाऱ्या प्रथिनांचा) स्तंभ वापरता येतो, परंतु तो महाग पडतो आणि पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजमधील प्रतिपिंडांचा जीव टांगणीला लागतो. एमआयपी मात्र कोरड्या बाटलीत महिनोन्महिने राहू शकतो. हात बसावा म्हणून आम्ही प्रथम अंड्याच्या पांढऱ्यातील लायसोझाइम निवडले. त्यात १२९ अमिनो आम्ले आहेत, रेणुभार सुमारे १४,३०० आहे, आणि ते स्वस्त व टिकाऊ आहे.

असा ठसा घेण्यात गुंटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये आणि पुढे क्लाउस मोसबाख यांच्या गटाने जे यश मिळवले, ते मुख्यतः लहान रेणूंचे होते. १९९३ मध्ये गाजलेल्या प्रयोगातील थिओफिलिन या दम्यावरील औषधाचा रेणुभार १८० आहे. प्रथिनाचे तसे नाही. पेणच्या कारखान्यात मूर्ती बाहेर निघते, कारण साचा उघडता येतो. घट्ट पॉलिमरच्या पोटात अडकलेल्या प्रथिनाला मात्र बाहेर पडायला वाटच नसते, आणि पुन्हा आत शिरायलाही नसते. म्हणून आम्ही ठसा पृष्ठभागावरच घेतला. सिलिकाच्या कणांवर व्हिनाइल गट बसवले, १० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७ वर, लायसोझाइम, ॲक्रिलामाइड, मेथाक्रिलिक आम्ल आणि साखळ्या एकमेकींना जोडणारा बंधक म्हणून बिसॲक्रिलामाइड एकत्र केले, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवला, आणि पॉलिमर बनण्याची क्रिया सुरू करणारे अमोनियम परसल्फेट व टेमेड घालून पातळ थर तयार केला. नंतर १० टक्के ॲसेटिक आम्ल आणि १० टक्के एसडीएस (साबणासारखे एक रसायन) यांच्या मिश्रणाने लायसोझाइम धुऊन काढले. ठसा नसलेला पॉलिमर, म्हणजे एनआयपी, त्याच कृतीने पण लायसोझाइम न घालता केला. त्यात काढून टाकण्याजोगे काही नसल्यामुळे तो फक्त पाण्याने धुतला.

अडचण अशी आहे की एमआयपी जेवढे लायसोझाइम धरतो, जवळजवळ तेवढेच एनआयपीही धरतो. दोघांचे गुणोत्तर १.२ च्या पुढे जात नाही. गोवंशीय सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातील प्रथिन) मात्र दोघेही धरत नाहीत, त्यामुळे निवडकता आहे असे वाटते आणि मग गोंधळ वाढतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. धुतलेल्या एमआयपीवर पोटॅशियम फॉस्फेट बफर घातले की द्रव पांढुरका होतो. एनआयपीत तसे होत नाही. ते कणांचे तुकडे असावेत असे आम्ही समजत होतो.

बंधकाचे प्रमाण वाढवावे की पॉलिमरचा थर आणखी पातळ करावा? प्रथिनाचा आकार बिघडला आहे का हे पाहण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागेल. त्याआधी येथेच करून पाहण्यासारखे काही असल्यास कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, बंधकाला सध्या हात लावू नका. पीएच ७ वर मेथाक्रिलिक आम्लावर ऋण भार असतो आणि लायसोझाइमचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचवर प्रथिनाचा एकूण भार शून्य होतो तो, ११ च्या आसपास असल्यामुळे त्यावर धन भार असतो. म्हणजे आपला एनआयपी हा उत्तम आयन-विनिमयक आहे, तो केवळ विरुद्ध भारामुळे लायसोझाइम धरतो, आणि अंड्याच्या पांढऱ्यातून लायसोझाइम काढण्यासाठी उद्योगात असेच विनिमयक वापरतात. अल्ब्युमिन ऋणभारित आहे, शिवाय चौपटीहून जड. ते दूर राहते यात ठशाचे काही श्रेय नाही. तुलनेसाठी सायटोक्रोम सी हे प्रथिन घ्या, त्याचा आकार आणि भार दोन्ही लायसोझाइमच्या जवळचे आहेत. मेथाक्रिलिक आम्ल कमी करा आणि चाचणीच्या बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ घाला.

मला खरी काळजी त्या पांढुरक्या द्रवाची वाटते. एसडीएसचे पोटॅशियम क्षार पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे तो उरलेला एसडीएसच असण्याची शक्यता मोठी आहे. त्यावर ऋण भार असल्यामुळे तोही लायसोझाइम ओढतो. एनआयपीला आपण एसडीएस दाखवलेलाच नाही, म्हणून १.२ मधील तो वरचा ०.२ देखील ठशाचा नसून साबणाचा असू शकेल. दोन्ही पॉलिमर एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून करावेत आणि धुण्याची प्रत्येक पायरी दोघांना सारखीच द्यावी. एसडीएस टाळून १ मोलर मिठाच्या पाण्याने लायसोझाइम निघते का, तेही पाहावे. उरलेला एसडीएस ओळखायला मेथिलिन ब्लू आणि क्लोरोफॉर्म पुरेत: एसडीएस असल्यास निळा रंग क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतो.

पार्व्हाल्ब्युमिनकडे वळताना हे सूत्र तसेच नेऊ नका. त्याचा समविद्युत बिंदू ५ च्या खाली असतो, त्यामुळे मेथाक्रिलिक आम्ल त्याला दूरच लोटेल. ते कॅल्शियम धरणारे प्रथिन आहे आणि कॅल्शियम गेले की त्याचा आकार बदलतो. फॉस्फेटमध्ये कॅल्शियम साक्याच्या रूपात खाली बसते, म्हणून ट्रिस बफर आणि थोडे कॅल्शियम क्लोराइड वापरा. संपूर्ण प्रथिनाऐवजी त्याच्या टोकाच्या लहान पेप्टाइडचा ठसा घेण्याची पद्धतही आहे. मासळीच्या अर्कासाठी मला ती अधिक आशादायक वाटते.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. आज दोन्ही पॉलिमरच्या शेवटच्या धुण्याचे पाणी तपासले. एमआयपीच्या परीक्षानळीत क्लोरोफॉर्मचा थर गडद निळा झाला, एनआयपीच्या नळीत जवळजवळ रंगहीन राहिला. वर्षभराचे आकडे बाजूला ठेवावे लागणार याचे विद्यार्थिनींना वाईट वाटले, परंतु कारण सापडल्याचे समाधान अधिक आहे. सोमवारी दोन्ही पॉलिमर एकत्रच करायला घेत आहोत. एकच विचारायचे राहिले: मेथाक्रिलिक आम्ल पूर्णपणे वगळून केवळ ॲक्रिलामाइडवर ठसा घेतला, तर लायसोझाइमला धरून ठेवण्याइतके हायड्रोजन बंध पाण्यात टिकतील का? कोणी तसे करून पाहिले असल्यास मोनोमरचे प्रमाण कळवावे.